जुन्या फ्लॅटचे साठेखत: जप्तीचे कलम, नोंदणी आणि वारसांच्या सह्या

वारजेकर यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. मी आणि माझे पती पुण्यात सिंहगड रस्त्यावर दोन बेडरूमचा एक जुना फ्लॅट घेत आहोत. इमारत २००४ सालची असून सहकारी गृहनिर्माण संस्था नोंदलेली आहे. व्यवहार ८५ लाखांना ठरला आहे. विक्रेत्या बाई साठीच्या पुढच्या आहेत. त्यांनी व त्यांच्या यजमानांनी हा फ्लॅट बिल्डरकडून दोघांच्या नावावर घेतला होता. यजमान २०१९ साली वारले, त्यानंतर सोसायटीने नामनिर्देशनाच्या आधारे भाग दाखला (शेअर सर्टिफिकेट) बाईंच्या एकट्याच्या नावावर करून दिला. त्यांचा मुलगा पुण्यातच राहतो, मुलगी अमेरिकेत असते. बाई आणि मुलगा दोघेही सरळ स्वभावाचे वाटले आणि त्यांच्या हेतूविषयी आम्हाला शंका नाही.

टोकन म्हणून आम्ही ५१,००० रुपयांचा धनादेश दिला आहे. आता एजंटने साठेखताचा, म्हणजे खरेदीखताआधीच्या विक्री कराराचा, मसुदा पाठवला आहे. त्यानुसार या रविवारी विसार (बयाणा) म्हणून १० लाख, साठेखताच्या दिवशी १५ लाख आणि बँकेच्या कर्जातून उरलेले ६० लाख द्यायचे आहेत. एजंटचे म्हणणे असे की साठेखत पाचशे रुपयांच्या मुद्रांक कागदावर नोटरी करून ठेवू आणि कर्ज मंजूर झाले की थेट खरेदीखत नोंदवू, म्हणजे दोनदा खर्च होणार नाही.

मसुद्यातील एका कलमाने मला झोप लागत नाही. ते जसेच्या तसे देते ("लिहून घेणार" म्हणजे आम्ही खरेदीदार, "लिहून देणार" म्हणजे विक्रेत्या बाई): "लिहून घेणार यांनी उर्वरित रक्कम रुपये साठ लाख मात्र आजपासून साठ दिवसांचे आत लिहून देणार यांस अदा करावयाची असून, सदर मुदतीत कोणत्याही कारणास्तव रक्कम अदा न झाल्यास हे साठेखत आपोआप रद्द समजण्यात येईल व तोपर्यंत स्वीकारलेली संपूर्ण रक्कम जप्त करण्याचा अधिकार लिहून देणार यांस राहील." एजंट म्हणतो की हे कलम सगळ्याच साठेखतांत असते आणि प्रत्यक्षात कोणी पैसे जप्त करत नाही.

हे खरे आहे का? नोटरी केलेले साठेखत आणि नोंदवलेले साठेखत यांत आमच्या दृष्टीने नेमका काय फरक पडतो? आणि भाग दाखला बाईंच्या नावावर असताना मुलांच्या सह्या घेण्याची गरज आहे का? जाणकारांनी कृपया सविस्तर सांगावे.

---

अधिवक्ता_पुणे यांचे उत्तर

ताई, आपण विचारलेले तीन प्रश्न वेगवेगळे दिसत असले तरी ते एकमेकांत अडकलेले आहेत, म्हणून मी शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो.

सोसायटीचा भाग दाखला हा सभासदत्वाचा पुरावा आहे, तो मालकी ठरवत नाही. नामनिर्देशित व्यक्ती ही सोसायटीच्या दृष्टीने, वारसांचा हक्क ठरेपर्यंत व्यवहार पाहणारी व्यक्ती असते. महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनंतर तर नामनिर्देशिताला तात्पुरते सभासद असेच म्हटले आहे. फ्लॅट पती-पत्नीच्या संयुक्त नावावर होता. दोघांचा हिस्सा निम्मा निम्मा धरला तर यजमानांचा अर्धा हिस्सा त्यांच्या मृत्यूबरोबर त्यांच्या वारसांकडे गेला. मृत्युपत्र नसेल तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे पत्नी, मुलगा, मुलगी आणि मृताची आई हे सारे पहिल्या वर्गाचे वारस असून त्यांना समान वाटा मिळतो. यातील शेवटचे नाव लोक हमखास विसरतात. म्हणून आधी एक गोष्ट विचारून घ्या: यजमान वारले त्या दिवशी त्यांच्या मातोश्री हयात होत्या का? उत्तर मिळेपर्यंत मी पुढचे गणित मांडत नाही.

आता नोंदणीविषयी. मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ चे कलम ५४ स्पष्ट आहे. साठेखताने मिळकतीत कोणताही मालकी हक्क निर्माण होत नाही. पुढे ठरलेल्या अटींवर खरेदीखत करून देण्याचे ते वचन आहे. मालकी नोंदणीकृत खरेदीखतानेच मिळते. पण म्हणून साठेखत दुय्यम कागद ठरत नाही, कारण विक्रेत्याने शब्द फिरवला तर न्यायालयात करारपूर्तीचा दावा याच कागदाच्या आधारे करायचा असतो. असा दावा नोंद नसलेल्या साठेखतावरही करता येतो हे खरे आहे. मात्र ज्या साठेखतात ताबा दिला आहे किंवा खरेदीखतापूर्वी द्यायचे ठरले आहे, त्याला महाराष्ट्र मुद्रांक कायद्यानुसार खरेदीखताइतकाच मुद्रांक लागतो. तो भरलेला नसेल तर तूट आणि दंड भरल्याशिवाय न्यायालय तो कागद पुराव्यात वाचत नाही. याखेरीज, ताबा घेतलेल्या खरेदीदाराला मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५३-अ खाली मिळणारे संरक्षण २००१ च्या दुरुस्तीनंतर नोंदणीकृत करारालाच मिळते.

व्यवहाराच्या अंगाने पाहिले तर फरक आणखी सोपा आहे. साठेखत नोंदले की त्याची सूची क्रमांक २ (इंडेक्स टू, नोंदलेल्या व्यवहाराचा उतारा) तयार होते आणि उद्या दुसरा कोणी हाच फ्लॅट घ्यायला आला तर त्याच्या वकिलाला शोधात तो व्यवहार दिसतो. नोटरीच्या वहीतली नोंद जगात कोणालाही दिसत नाही. नोटरी सही कोणी केली एवढेच पाहतो. तोच फ्लॅट त्याच आठवड्यात दुसऱ्याला लिहून दिला तरी त्याच्या वहीला ते कळण्याचे साधन नाही.

"दोनदा खर्च" हा एजंटचा मुद्दा तपासून पाहू. पुणे महापालिका हद्दीत आज अधिभारांसह ७ टक्के मुद्रांक शुल्क लागते, म्हणजे ८५ लाखांवर ५ लाख ९५ हजार, आणि नोंदणी फी १ टक्का परंतु जास्तीत जास्त ३०,००० रुपये. (शुल्क करारातील किंमत आणि सरकारी वार्षिक मूल्यदर यांपैकी जास्त असलेल्या रकमेवर असते, तेवढे पाहून घ्या. खरेदीदार केवळ स्त्री असेल तर निवासी मिळकतीला १ टक्का सवलत आहे; आपण दोघांच्या नावावर घेत असल्यास ती मिळणार नाही.) हे शुल्क साठेखतावर पूर्ण भरले आणि पुढे त्याच पक्षांमध्ये, काही बदल न करता खरेदीखत झाले, तर त्या खरेदीखतावर नाममात्र मुद्रांक पुरतो. तेव्हा साडेपाच-सहा लाख दोनदा जात नाहीत. "काही बदल न करता" हे शब्द मात्र ध्यानात ठेवा. साठेखतावर एकट्या बाईंची सही आणि खरेदीखतावर मात्र आणखी चार विक्रेते, असे झाले तर निबंधक कार्यालयात प्रश्न उपस्थित होऊ शकतो. म्हणून वारसांचा विषय साठेखताच्या आधी मिटला पाहिजे, नंतर नव्हे.

जप्तीचे कलम सर्वत्र असते हे अर्धसत्य आहे. विसाराची वाजवी रक्कम खरेदीदाराच्या चुकीमुळे व्यवहार मोडल्यास जप्त होऊ शकते, हे कायद्याला मान्य आहे. पण ८५ लाखांच्या व्यवहारात २५ लाख हे विसार नव्हेत, तो किमतीचा भाग आहे. भारतीय करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे न्यायालय वाजवी भरपाईच देते, करारात लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा असते. तरीही मी या कलमावर सही करू देणार नाही. न्यायालयात ते टिकेल की नाही हे ठरायला जी वर्षे लागतील, त्या वर्षांत पैसे समोरच्याकडे असतील आणि दावा चालवण्याची जबाबदारी आपल्यावर असेल. शिवाय या कलमात खरा घातक शब्द "जप्त" हा नसून "कोणत्याही कारणास्तव" हा आहे. कारण विक्रेत्याकडचे असले तरी नुकसान आपले, असा त्याचा अर्थ होतो.

---

कर्जविभाग_निवृत्त यांचे उत्तर

वकीलसाहेबांनी शेवटी जे म्हटले तिथूनच पुढे लिहितो. मी एका राष्ट्रीयीकृत बँकेच्या गृहकर्ज विभागात नोकरीची बरीच वर्षे काढली आणि साठ दिवसांची मुदत नेमकी कुठे मोडते हे मी टेबलाच्या या बाजूने पाहिलेले आहे.

कर्ज मंजूर होणे आणि कर्जाची रक्कम हाती पडणे या दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. आपले पगारपत्रक, विवरणपत्रे आणि सिबिल पाहून मंजुरीपत्र आठ-दहा दिवसांतही मिळते आणि लोकांना वाटते की काम झाले. त्यानंतर बँकेच्या पॅनलवरील वकील मिळकतीचा, साधारणपणे मागील तीस वर्षांचा, शोध घेतात. तुमच्या प्रकरणात त्यांच्यासमोर येईल ते असे: बिल्डरबरोबरचा करार दोघांच्या नावावर, त्यातील एक मयत, भाग दाखला एकीच्या नावावर, आणि मधल्या काळात वारसांचा एकही नोंदणीकृत कागद नाही. असा अहवाल आला की शाखा रक्कम सोडत नाही. ती म्हणते, सर्व वारसांचे हक्कसोडपत्र आणा किंवा सर्वांना खरेदीखतात घ्या. अमेरिकेतून कागद येईपर्यंत साठ दिवस सहज उलटतात. म्हणजे उशीर विक्रेत्यांच्या कागदांमुळे होणार आणि मसुद्याप्रमाणे पंचवीस लाख मात्र तुमचे जाणार. एजंटने हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. बहुतेक वेळा जुन्या व्यवहाराचा मसुदा नावे बदलून पुढे पाठवलेला असतो.

तुमच्या आकड्यांचाही एकदा नीट हिशेब करून ठेवा. ८५ लाखांवर ६० लाखांचे कर्ज हे प्रमाण बँकेच्या मर्यादेत बसते, परंतु बँक आपल्या मूल्यांकनकाराने ठरवलेली किंमत पाहते, तुमचा सौदा नव्हे. आणि मुद्रांक व नोंदणीचा खर्च त्या किमतीत धरत नाही. म्हणजे पदरचे २५ लाख आणि वर ६ लाख २५ हजार, असे ३१ लाख २५ हजार तुम्हाला स्वतः उभे करावे लागतील. यात सोसायटीचे हस्तांतरण शुल्क, वकिलांची फी आणि एजंटची दलाली आलेली नाही.

आणखी एक सूचना: साठेखताच्या आधीच, सहीविना मसुदा आणि कागदांच्या प्रती बँकेच्या वकिलांना दाखवून प्राथमिक मत घ्यायला कोणतीही आडकाठी नसते. शाखेत विनंती करावी. बँकेला जे कागद शेवटी लागणारच आहेत त्यांची यादी सुरुवातीला हाती आली, तर साठेखतातील मुदत त्या यादीवर बेतता येते.

---

गोदाकाठ यांचे उत्तर

मी विक्रेत्याच्या बाजूने दोन शब्द लिहितो, कारण या चर्चेत त्यांची भीतीही समजून घ्यायला हवी. आम्ही नाशिकचा आमचा फ्लॅट विकला तेव्हा साठेखत नोंदवायला मीच तयार नव्हतो.

कारण असे की एकदा साठेखत नोंदले की खरेदीदाराने पैसे दिले नाहीत तरी विक्रेता मोकळा होत नाही. करारात "आपोआप रद्द" असे कितीही लिहा, सूची क्रमांक २ मध्ये तो व्यवहार दिसतच राहतो आणि दुसरा खरेदीदार जवळ येत नाही. त्यातून सुटण्यासाठी खरेदीदाराने निबंधक कार्यालयात येऊन रद्दलेखावर सही करावी लागते, आणि तो न आल्यास न्यायालयाची पायरी चढावी लागते. वयस्कर बाई एकट्या असतील तर त्यांच्या मुलाला जप्तीचे कलम घालावेसे वाटणे मला अगदी समजते. त्याच्या हाती दुसरे कोणतेही साधन नाही, असे त्याला वाटत असणार.

आमच्या वकीलबाईंनी यावर जो मार्ग काढला तो दोघांनाही पटला. खरेदीदाराच्या स्वतःच्या कसुरीने व्यवहार मोडला तर ठरावीक रक्कम, आमच्या बाबतीत किमतीच्या दोन टक्के, विक्रेत्याने ठेवून घ्यायची आणि बाकीची रक्कम परत करायची. परतीचा धनाकर्ष आणि रद्दलेखावरची सही एकाच वेळी, निबंधक कार्यालयातच व्हायची. पैसे परत मिळवायचे असतील तर खरेदीदाराला सहीसाठी यावेच लागते, आणि सही हवी असेल तर विक्रेत्याला पैसे आणावेच लागतात. शिवाय पंधरा दिवसांची लेखी नोटीस आधी द्यायची. आमच्यावर हे कलम वापरण्याची वेळ आली नाही, परंतु ते लिहून झाल्यावर मी नोंदणीला लगेच होकार दिला.

तेव्हा ताई, मुलाशी बोलताना "तुमचे कलम काढा" असे न म्हणता "तुमची अडचण या कलमाने सुटते" असे म्हणून पाहावे.

---

वारजेकर

सर्वांचे मनापासून आभार. गोदाकाठ दादा, आपण सांगितले तसेच मी मुलाशी बोलले आणि त्याला ते आवडले. त्याची खरी काळजी तीच होती.

वकीलसाहेब, आपला प्रश्न मी विचारला. यजमानांनी मृत्युपत्र केलेले नव्हते. त्यांच्या मातोश्री २०१९ साली हयात होत्या, त्या २०२२ साली वारल्या. त्यांचेही मृत्युपत्र नाही. सासरे त्यापूर्वीच गेलेले. बाईंना एक दीर आणि एक नणंद आहेत, दोघेही हयात आहेत आणि संबंध चांगले आहेत. पण "त्यांचा या फ्लॅटशी काय संबंध, आम्ही दोघांनी कर्ज फेडून घेतलेला आहे" असे बाई म्हणाल्या आणि मलाही क्षणभर तसेच वाटले. त्यांना वाईट वाटू नये अशा रीतीने हे कसे सांगावे?

---

अधिवक्ता_पुणे यांचे उत्तर

बाईंचे म्हणणे माणूस म्हणून अगदी योग्य आहे, पण कायदा पैसे कोणी भरले हे पाहून वारस ठरवत नाही. गणित असे होते.

फ्लॅटचा अर्धा हिस्सा बाईंचा स्वतःचा. यजमानांच्या अर्ध्या हिश्श्याचे चार समान वाटे: बाई, मुलगा, मुलगी आणि मातोश्री, प्रत्येकी एक अष्टमांश. म्हणजे बाईंचे पाच अष्टमांश झाले, मुलांचे एक एक अष्टमांश आणि मातोश्रींचा एक अष्टमांश. २०२२ साली मातोश्री गेल्यावर त्यांचा अष्टमांश त्यांच्या वारसांकडे गेला, आणि हिंदू स्त्रीच्या बाबतीत मुलगे, मुली, आधी वारलेल्या मुलाची मुले आणि पती हे ते वारस. येथे पती आधीच वारलेले, त्यामुळे तीन समान वाटे पडतात: एक दिरांचा, एक नणंदेचा आणि एक मयत मुलाच्या दोन मुलांचा मिळून. सून म्हणून बाईंना सासूबाईंच्या वाट्यातून काहीही मिळत नाही. दीर आणि नणंद यांचा प्रत्येकी चोविसावा हिस्सा झाला, म्हणजे ८५ लाखांत सुमारे ३ लाख ५४ हजार रुपये. रक्कम लहान वाटेल, परंतु त्या दोन सह्यांशिवाय आपल्याला मिळणारी मालकी बारा भागांतील अकरा भागांचीच राहील, आणि उरलेल्या एका भागाचा मालक उद्या दिरांचा नातूही असू शकेल.

बाईंना सांगताना हे गणित सांगू नका. एवढेच सांगा की बँक सर्व वारसांचे हक्कसोडपत्र मागते, आणि ते खरेही आहे. दीर, नणंद, मुलगा आणि मुलगी अशा चौघांनी बाईंच्या लाभात एकच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून द्यावे. मग साठेखतात आणि खरेदीखतात लिहून देणार म्हणून एकट्या बाई राहतील. चौघांना मान्यता देणार म्हणून सामील करण्याचाही मार्ग आहे, पण मग साठेखत आणि खरेदीखत अशा दोन्ही वेळी सर्वांना हजर राहावे लागेल.

मुलीसाठी हक्कसोडपत्राचा मार्ग आणखी एका कारणाने सोयीचा आहे. ती विक्रेती म्हणून राहिली तर तिच्या हिश्श्याच्या रकमेवर अनिवासी व्यक्तीचे आयकर कपातीचे नियम लागतील. निवासी विक्रेत्याच्या बाबतीत असलेली ५० लाखांची मर्यादा तिथे लागू नाही, कपातीचा दरही निवासी विक्रेत्याच्या १ टक्क्यापेक्षा बराच जास्त आहे, आणि कपात न केल्याची जबाबदारी खरेदीदारावर, म्हणजे आपल्यावर येते. मात्र हे हक्कसोडपत्र खरोखरीचे असले पाहिजे. हक्क सोडला असे लिहून पैसे मागाहून पाठवायचे ठरत असेल तर ते करू नये. तिने आपला वाटा घ्यावा आणि कर रीतसर कापावा. हे त्या कुटुंबाने ठरवायचे आहे.

मुलगी भारतात येणार नसेल तर तिने भावाच्या नावे केवळ या हक्कसोडपत्रापुरते कुलमुखत्यारपत्र करावे. ते तिथल्या नोटरीसमोर सही करून ॲपॉस्टिल (परदेशात वापरण्यासाठीचे तिथले सरकारी प्रमाणन) करून घ्यावे किंवा भारतीय वकिलातीत करावे, आणि महाराष्ट्रात पोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर इथले मुद्रांक शुल्क भरावे. यजमानांचा व मातोश्रींचा मृत्यू दाखला, आणि वारस कोण कोण याचे बाईंचे प्रतिज्ञापत्र सोबत जोडावे. त्याच सुमारास वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी. त्या नोटिशीने कोणाचा हक्क बुडत नाही, पण आपण पुरेशी चौकशी केली होती याचा तो पुरावा ठरतो.

---

माणदेशी यांचा प्रश्न

विषय जवळचा आहे म्हणून इथेच विचारतो. आमच्या तालुक्याच्या गावाजवळ एक-दोन गुंठ्यांचे प्लॉट साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून विकले जात आहेत. विकणारा म्हणतो की खरेदीखत होत नाही म्हणून सगळे असेच घेतात. घ्यावे का?

---

अधिवक्ता_पुणे यांचे उत्तर

घेऊ नये. खरेदीखत का होत नाही हे त्याला विचारा. शेतजमिनीचा तुकडेबंदी कायद्याच्या प्रमाणापेक्षा लहान तुकडा असणे, भोगवटादार वर्ग २ ची (हस्तांतरणावर सरकारी निर्बंध असलेली) जमीन असणे, किंवा बिनशेती परवानगी नसणे, यांपैकीच काहीतरी कारण निघेल. सातबारा, त्यावरील इतर हक्कांचा रकाना आणि फेरफार वाचल्यावर ते कळते. साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र मिळून मालकी होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ साली सूरज लॅम्प प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले आहे. शिवाय सामान्य कुलमुखत्यारपत्र ते देणाऱ्याच्या मृत्यूबरोबर संपते. तपशिलासाठी कृपया वेगळा धागा काढावा, म्हणजे सातबाऱ्यातील नोंदी पाहून नीट बोलता येईल.

---

वारजेकर

दीर आणि नणंद दोघेही तयार आहेत. मुलगीही हक्क सोडायला तयार आहे आणि कुलमुखत्यारपत्र करून पाठवते आहे. आम्ही विसाराचे १० लाख देणे थांबवले आहे. क्रम असा ठरला: आधी हक्कसोडपत्राची नोंदणी, त्याची सूची क्रमांक २ आम्हाला दिल्यावर विसाराचे १० लाख, मग नोंदणीकृत साठेखत आणि त्या दिवशी १५ लाख, आणि बँकेची रक्कम थेट बाईंच्या खात्यात जमा झाली की त्याच दिवशी खरेदीखत व ताबा.

मुदतीचे कलम आम्ही पुन्हा लिहिले आहे. कृपया पाहावे:

"लिहून घेणार यांनी उर्वरित रक्कम रुपये साठ लाख मात्र साठेखताच्या नोंदणीपासून नव्वद दिवसांचे आत अदा करावी. मिळकतीच्या मालकी हक्कातील अथवा लिहून देणार यांनी पुरवावयाच्या कागदपत्रांतील त्रुटीमुळे बँकेने रक्कम अदा करण्यास विलंब केल्यास, ती त्रुटी दूर होईपर्यंतचा काळ सदर मुदतीत धरला जाणार नाही. त्रुटी साठ दिवसांत दूर न झाल्यास लिहून घेणार यांना साठेखत रद्द करण्याचा अधिकार राहील व लिहून देणार यांनी स्वीकारलेली संपूर्ण रक्कम रद्दलेखाच्या नोंदणीच्या वेळीच परत करावी. लिहून घेणार यांच्या स्वतःच्या कसुरीमुळे रक्कम अदा न झाल्यास, पंधरा दिवसांच्या लेखी नोटिशीनंतर, लिहून देणार यांस रुपये एक लाख सत्तर हजार राखून ठेवून बाकी रक्कम रद्दलेखाच्या नोंदणीच्या वेळी परत करून साठेखत रद्द करता येईल."

---

अधिवक्ता_पुणे यांचे उत्तर

मसुदा चांगला झाला आहे. तीन दुरुस्त्या सुचवतो.

"त्रुटी साठ दिवसांत" येथे कोणत्या तारखेपासून हे लिहिलेले नाही. "बँकेने त्रुटी लेखी कळवल्याच्या तारखेपासून" असे घाला, आणि बँकेचे ते पत्र सात दिवसांत लिहून देणार यांना पोचवण्याची जबाबदारी आपण स्वतःवर घ्या. त्यामुळे समोरच्यालाही विश्वास वाटेल.

दुसरे, व्यवहार विक्रेत्याच्या त्रुटीमुळे मोडला तर आपण भरलेल्या ५ लाख ९५ हजारांच्या मुद्रांकाचे आणि नोंदणी फीचे काय, हे कलमात नाही. शासनाकडून मुद्रांकाचा परतावा मिळतो, पण त्याच्या अटी आणि मुदती कडक आहेत आणि नोंदणी फी परत येत नाही. तेव्हा परतावा न मिळालेली रक्कम लिहून देणार यांनी सोसावी, असे एक वाक्य जोडा. हक्कसोडपत्र आधी होणार असल्याने ती वेळ येण्याची शक्यता आता फार कमी आहे, आणि म्हणूनच ते वाक्य मान्य करायला त्यांनाही जड जाणार नाही.

तिसरे, मोबदल्याच्या परिच्छेदात प्रत्येक हप्त्यातून १ टक्का आयकर कापून तो भरण्याचा उल्लेख करा. एकूण ८५,००० रुपये होतील. ज्या महिन्यात कपात कराल त्याच्या अखेरीपासून ३० दिवसांत ती रक्कम शासनाकडे भरायची असते. आपण दोघे खरेदीदार असल्याने दोघांनी आपापल्या हिश्श्याची कपात स्वतंत्रपणे दाखवायची आहे. सोसायटीची थकबाकी नसल्याचे पत्र, भोगवटा प्रमाणपत्र आणि पार्किंगचे वाटपपत्र परिशिष्टात जोडून घ्या. मसुद्यात नुसते "पार्किंगसह" लिहिलेले असेल तर जागेचा क्रमांक मागा. बिल्डरबरोबरच्या २००४ च्या मूळ कराराची नोंदणी पावती बाईंकडे आहे ना, हेही याच आठवड्यात पाहून घ्यावे, कारण ती हरवली असेल तर तिची प्रमाणित नक्कल काढायला आणि तशी नोटीस द्यायला वेळ लागतो.

---

वारजेकर

मूळ करार आणि नोंदणी पावती दोन्ही आहेत. मुलाने आजच प्रती पाठवल्या. तिन्ही दुरुस्त्या त्यांना मान्य आहेत. एकच शेवटची शंका: टोकनचे ५१,००० रुपये दिले त्याची पावती एजंटच्या सहीची आहे. ते साठेखतात कसे दाखवायचे?

---

अधिवक्ता_पुणे यांचे उत्तर

धनादेश बाईंच्या नावाचा असेल आणि त्यांच्या खात्यात वटला असेल तर धनादेश क्रमांक, तारीख आणि बँकेचे नाव घालून मोबदल्याच्या तक्त्यात ती पहिली नोंद करा, आणि विसाराची रक्कम १० लाखांऐवजी ९ लाख ४९ हजार लिहा, म्हणजे एकूण बेरीज ८५ लाखांवर बरोबर बसेल. त्या टोकनातून १ टक्का कापलेला नसेल तर तेवढी भर विसाराच्या हप्त्यातून केलेल्या कपातीत घाला. धनादेश एजंटच्या नावाचा असेल तर ती रक्कम बाईंना पोचल्याचे त्यांच्याकडून लेखी घ्या आणि मगच तक्त्यात लिहा.